न पुसलेली वाटी

हे लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. घरी लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं, आणि तो भरताना खाडाखोड होऊ नये म्हणून श्वास रोखून धरणं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘आठवणीतल्या एखाद्या माणसावर लिहा’ असा निरोप दर वर्षी यायचा, तेव्हा मी आधी परीक्षेचं आणि मग नोकरीचं कारण सांगून टाळत आलो. खरं कारण वेगळं होतं. माझ्याजवळ लिहिण्यासारखं माणूस एकच होतं, आणि त्यांना सांगायला हवी होती अशी एक गोष्ट मी सांगितली नव्हती. ती लपवून त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिणं मला जमलं नसतं. आता लपवण्यात अर्थ उरलेला नाही. तुमच्यापैकी जे त्या वर्षांत ग्रोनिंगनला होते ते त्यांना ओळखतील. लिहिण्यात काही चुकलं तर त्यांनी दुरुस्त करावं. वागण्यात चुकलं त्याबद्दल काय करावं ते मी सांगू शकत नाही.

भावजी कुठलीही वस्तू आधी हुंगायचे आणि मग बघायचे. दुधाचा डबा, नवे बूट, ग्रंथालयातलं पुस्तक, सायकलची ट्यूब, सगळं आधी नाकाशी. नगरपालिकेचं, म्हणजे इथल्या डच भाषेत खेमेंतेचं पत्र आलं की पाकीट न फोडता ते नाकाखालून फिरवायचे आणि गंभीरपणे सांगायचे, “दंड नाहीये.” ताई म्हणायच्या, लग्न ठरवायला आला तेव्हा ह्यानं आधी पोह्यांचा वास घेतला आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यावर भावजी म्हणायचे, “पोहे चांगले होते म्हणून तर पाहिलं.”

ताई इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होत्या आणि मंडळात सगळ्यांच्या ताई होत्या, म्हणून त्यांचे यजमान सगळ्यांचे भावजी. वयानं मोठी माणसंसुद्धा त्यांना भावजीच म्हणत. त्यांच्या नावानं त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. एकदा त्यांनीच हसत सांगितलं होतं की व्हिसाच्या कागदावर ते डिपेंडंट, म्हणजे बायकोवर अवलंबून, आहेत आणि मंडळात भावजी, तेव्हा सरकार आणि समाज यांचं निदान एका बाबतीत एकमत आहे. हसले, पण सांगून झाल्यावर त्यांनी हातातलं फडकं उगाच दोनदा पिळलं.

पुण्यात ते मसाल्याच्या कारखान्यात होते. धने, जिरं, खोबरं मोठ्या कढयांत भाजलं जाताना कुठल्या क्षणी थांबायचं, हे सांगण्याचं त्यांचं काम. यंत्रं होती, पण शेवटचा शब्द त्यांच्या नाकाचा. इथे आल्यावर त्या नाकाला काही काम उरलं नाही. पहिली दोन वर्षं त्यांनी डच भाषेचे वर्ग केले, भाज्या आणल्या, आणि संग्रहालयाचं वर्षाचं कार्ड असल्यामुळे थंडीच्या दिवसांत शहरातल्या एका लहान संग्रहालयात जाऊन बसले. तिथे एका कपाटात त्यांना ती वाटी भेटली. बसऱ्याची, हजार-अकराशे वर्षांपूर्वीची, दोन ठिकाणी जोडलेली. साध्या मातीची, पण वर पांढरी झिलई, आणि त्या पांढऱ्यावर पिवळसर सोनेरी पानं आणि ठिपके. भावजी सांगायचे की मान हलवली की ते सोनं एका जागेवरून विझायचं आणि दुसऱ्या जागी पेटायचं. सोनं नव्हतंच ते. चांदी आणि तांब्याचे क्षार धुरात भाजून आलेली झळाळी होती, तिला लस्टर म्हणतात. हे वाचल्यावर त्यांच्या मनात आलं, भाजणं तर आपल्याला येतं.

माझी त्यांची ओळख पहिल्या लॉकडाऊनमध्ये झाली. मी रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.साठी आलो होतो. वसतिगृहात आमच्या मजल्यावरची बहुतेक मुलं आपापल्या देशांत परतली, विद्यापीठाची प्रयोगशाळा बंद झाली, आणि त्या लांब बोळात मी आणि आणखी दोघं-तिघं राहिलो. दिवसचे दिवस माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. मंडळानं अडकलेल्या विद्यार्थ्यांना डबे द्यायचं ठरवलं आणि माझ्या वाट्याला भावजी आले. सायकलवरून यायचे, डबा पायरीवर ठेवायचे, दीड मीटर मागे सरकायचे आणि मी डबा उघडून दाखवेपर्यंत उभे राहायचे. तिथूनच हुंगून सांगायचे, “आमटी उतू गेलेली दिसते. माफ कर.” रसायनशास्त्र शिकतोय म्हटल्यावर त्या दिवसापासून मी त्यांचा ‘सायंटिस्ट’ झालो, आणि पुढच्या आठवड्यात डब्याबरोबर लस्टरच्या भट्टीवरचे दोन इंग्रजी शोधनिबंध आले. वर चिठ्ठी होती: वाचून सोप्या मराठीत सांग.

गावाबाहेर त्यांनी बागेचा एक तुकडा भाड्यानं घेतला होता. इथले लोक त्याला फोल्क्सटाउन म्हणतात: वाफे, एक लाकडी खोपटं, शेजारच्याच्या आणि आपल्या मध्ये कुंपण. बाकीचे तिथे बटाटे लावत, भावजींनी भट्टी लावली होती. जुन्या भट्टीच्या विटांची, कमरेइतकी उंच, खाली गॅसचा बर्नर. मातीची पहिली भाजणी आणि झिलईची दुसरी ते एका हौशी कुंभारांच्या विजेच्या भट्टीतून करून आणायचे. तिसरी, धुराची, इथे. उघड्यावर भेटायला परवानगी होती, म्हणून मे महिन्यापासून मी दर शनिवारी तिथे जाऊ लागलो.

तिथे मी बसऱ्याच्या आणि नंतर निशापूर, समरकंदच्या कुंभारांबद्दल शिकलो, पुस्तकातून कमी आणि भावजींच्या बोटांमधून जास्त. ते सांगायचे की बसऱ्याच्या बाजारात चीनची पांढरीशुभ्र भांडी जहाजातून आली, आणि तिथल्या कुंभारांच्या लक्षात आलं की आपल्याकडे तशी मातीच नाही. आपली माती पिवळट, मऊ. मग त्यांनी झिलईत कथिल मिसळलं. कथिलानं झिलई दुधासारखी झाली आणि पिवळी माती झाकली गेली. मी विचारलं, म्हणजे ही नक्कलच ना. भावजींनी स्वतः केलेली एक वाटी उलटी केली. तळाच्या कडेला झिलई नव्हती, माती उघडी होती. “आपल्याकडे नाही ते आणायला धडपडणं म्हणजे लबाडी नाही,” ते म्हणाले. “पण तळ कोरा ठेवायचा. उलटं करून बघणाऱ्याला कळलं पाहिजे आपण कुठल्या मातीचे.”

त्यांनी हे माझ्याकडे न बघता सांगितलं. तरी मला ते लागलं, कारण तोवर मी माझ्या घराबद्दल तिथे कोणालाच काही सांगितलेलं नव्हतं. वडील काय करतात असं कोणी विचारलं की मी ‘बांधकामात’ म्हणायचो. पुढच्याच शनिवारी ते उघडं पडलं. भावजी लाल मातीच्या थाळ्यांवर पांढऱ्या मातीचा पातळ लेप देऊन तो ओला असताना खिळ्यानं कोरत होते. कोरलेल्या रेघेतून खालची लाल माती दिसते. त्यांच्या रेघा फाटत होत्या. मी खिळा हातात घेतला आणि लेप किती वाळला ते अंगठ्याच्या बाजूनं पाहून, खिळा आडवा धरून रेघ ओढली. सरळ आली. भावजींनी रेघ बघितली, मग माझा हात बघितला. मला सांगावं लागलं की वडील गिलावा करतात, पहिल्या थरावर टोकदार पत्र्यानं ओरखडे काढतात म्हणजे दुसरा थर धरून बसतो, आणि दहावीपर्यंत सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली होतो. भावजींनी पुढची थाळी माझ्यापुढे सरकवली. त्यानंतर कोरायचं काम माझ्याकडे आलं, आणि डब्याबरोबरच्या चिठ्ठीत ‘सायंटिस्ट’च्या जागी कधीकधी ‘मिस्त्री’ लिहिलेलं असायचं. त्या शब्दाचा मला पहिल्यांदाच अभिमान वाटला.

कोरलेल्या थाळ्यांवर मग तांब्याची हिरवी आणि लोखंडाची तपकिरी झिलई शिंपडायची. भट्टीत ती ओघळते, रेघेची पर्वा न करता कुठेही जाते. मी रसायनं मोजून ती आवरायचा प्रयत्न करायचो. भावजी म्हणायचे, राहू दे, रेघेनं आपलं काम केलं, रंगानं आपलं. आणि जुन्या भांड्यांच्या पोटात तीन बारीक खरबरीत डाग असतात, ते त्यांना फार आवडायचे. भट्टीत भांडी एकमेकांवर रचताना मध्ये तीन पायांची छोटी तिवई ठेवत. भाजून झाल्यावर ती उचकटली की तीन ठिकाणी झिलई तुटायची. संग्रहालयातल्या वाटीतही ते डाग होते. काचेवर बोट ठेवून भावजी ते दाखवायचे. “जागा कमी, भांडी फार. कोणाच्या तरी अंगावर पाय देऊनच दुसरा उभा राहतो,” ते म्हणाले होते. “खूण राहते. कुंभार ती लपवत नाही.”

समरकंदच्या काही थाळ्यांवर कडेनं अक्षरं असतात. काही वाचता येतात, मालकाला सुख लाभो असं काहीतरी असतं. काही नुसतीच अक्षरांसारखी असतात, वाचायला गेलं तर काही निघत नाही. लिहिणाऱ्याला वाचता येत नसावं, त्यानं शेजारच्या थाळीवरून उतरवलं असावं. हे ऐकल्यावर मला माझी आई सही करते ते आठवलं. ती सही लिहीत नाही, चित्र काढल्यासारखी काढते, आणि काढून झाल्यावर कागद लांब धरून बघते. मी हे भावजींना सांगितलं. ते म्हणाले की मग तुझ्या आईला माझ्यापेक्षा या थाळीतलं जास्त कळेल.

पण त्यांचा जीव होता तो लस्टरमध्ये. गेरू, चांदी-तांब्याचे क्षार आणि व्हिनेगर खलून केलेल्या लेपानं भाजलेल्या पांढऱ्या झिलईवर पानं काढायची, मग भट्टी मंद लाल होईपर्यंत तापवायची, आणि शेवटी ओल्या वाळुंजीच्या, म्हणजे विलोच्या, काड्या आत सारून भट्टीचा श्वास कोंडायचा. धूर आतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि क्षारातला धातू परत धातू होतो, हे मी त्यांना शोधनिबंध वाचून सांगितलं. त्यांनी एक काडी उचलून हातात फिरवली. मग म्हणाले, “म्हणजे श्वास कोंडल्यावर त्याला आठवतं की आपण कोण होतो.” तेव्हा रोजच्या बातम्यांत श्वासाशिवाय दुसरं काही नव्हतं. मी निबंधातली पुढची ओळ वाचून दाखवली.

तापमापक होता, पण तो उष्णता सांगतो, धूर सांगत नाही. ते काम नाकाचं. लवकर बंद केलं तर पानं फिकट, उशीर झाला तर झिलईच काळवंडते. भावजींनी मला वासाची पायरी-पायरी शिकवली. आधी ओल्या गोणपाटासारखा. मग आंबट. मग गुऱ्हाळाजवळून जाताना येतो तसा गोडसर. आणि मग एकदम काही नाही. धूर दिसतो, पण वास नाही. “त्या ‘काही नाही’ला बंद करायचं,” ते सांगायचे. त्या उन्हाळ्यात तीन भट्ट्यांच्या वेळी त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि तिसऱ्या वेळी मी त्यांच्या आधी “आता” म्हणालो. त्यांनी त्याच क्षणी बर्नर बंद करून हवेचं भोक लिंपलं. भट्टी निवल्यावर वाटी निघते ती सुंदर नसते. तिच्यावर जळक्या गेरूचा काळा थर बसलेला असतो. तो ओल्या फडक्यानं आणि राखेनं हळूहळू पुसायचा. खाली काही आलंय की नाही, हे पुसेपर्यंत कळत नाही.

त्या संग्रहालयाला कपाटातल्या त्या बसऱ्याच्या वाटीची एक प्रत हवी होती. अंध पाहुण्यांना हातात देता येईल अशी, वजनानं, कडेनं, तीन डागांसकट तशीच. ती भावजींनी करायची, हे महामारीच्या आधीच ठरलं होतं. खाली एक लहान पट्टी लागणार होती, प्रत कोणी केली ते सांगणारी. भावजींना बाकी कशाचं काही नव्हतं, त्या पट्टीचं होतं. “नुसतं माझं नाव,” ते मला एकदा म्हणाले. “कोणाचा कोण, ते काही नाही.” मार्चअखेरपर्यंत वाटी आली नाही तर संग्रहालयवाले ती त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर छापून घेणार होते.

ऑक्टोबरात भावजी आजारी पडले. ताप चार दिवसांत गेला. वास गेला तो आलाच नाही. ताईंनी कापूर, लवंग, हिंग सगळं करून बघितलं. मी डिसेंबरात बागेत गेलो तेव्हा ते खोपट्याच्या दारात व्हिनेगरची बाटली नाकाशी धरून बसले होते. मला बघून बाटली खाली ठेवली आणि म्हणाले, “पाणी आहे.” पुढे जानेवारीत त्यांनी एकट्यानं एक भट्टी लावली आणि तिच्यातली तिन्ही भांडी काळी निघाली. त्यानंतर त्यांनी मला फोन केला. विनवणी वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हती. म्हणाले, “सायंटिस्ट, तुझं नाक एक दिवस उसनं दे.”

मी या देशात दीड वर्ष होतो. इतक्या दिवसांत माझ्यावाचून कोणाचं काही अडलं आहे असं मला पहिल्यांदा वाटलं. फेब्रुवारीतला बर्फ वितळल्यावर आम्ही एक रविवार ठरवला. रात्री नऊनंतर संचारबंदी होती, म्हणून सकाळीच पेटवून दिवसाउजेडी संपवायचं ठरलं. घरात दिवसाला एकच पाहुणा चालत असे, आणि ताईंच्या घरी त्यांच्या वयस्क आई होत्या. आदल्या वर्षी तीन महिन्यांसाठी आलेल्या, विमानं बंद झाल्यामुळे अडकलेल्या. म्हणून ताईंनी मला निक्षून सांगितलं होतं, जरा काही वाटलं तर येऊ नकोस.

शनिवारी संध्याकाळी मी लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडली आणि मला काही आलं नाही. आईनं दिलेली बरणी. मी नाक आत घालून बघितलं. साबण बघितला, कॉफी बघितली. आमचं सामाईक स्वयंपाकघर वापरणारा एक मुलगा तीन दिवस खोकत होता. मला कळलं होतं. मला कळलं नव्हतं असं मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगून पाहिलं, पण मला कळलं होतं. तरी मी रविवारी सकाळी सायकल काढली. मनाशी म्हटलं, सर्दी असेल, उघड्यावर आहोत, मास्क आहे, आणि मी नाही गेलो तर पट्टीवर नाव लागणार नाही. शेवटचं कारण खरं होतं. बहुतेक अशा गोष्टी खऱ्या कारणासाठीच होतात.

दुपारी आम्ही दोन टोकांना बसून जेवलो. मसालेभात होता. डबा उघडताना मला काहीतरी बोलायला हवं असं वाटलं. मी म्हणालो, “वास काय सुटलाय, भावजी. ताईंना सांगा, एक नंबर.” भावजींनी घास तोंडाशी नेता नेता थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग खाली बघून जेवत राहिले. मला वाटलं, मला वास येतो असं म्हटल्याचं त्यांना दुःख झालं.

तीन वाजता काड्या आत गेल्या. भावजी हवेच्या भोकाशी हातमोजा घालून उभे राहिले आणि मी नेहमीच्या जागी. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, “सांगत राहा.”

मी सांगत राहिलो. गोणपाट, म्हणालो. मग जरा वेळानं, आंबट. मला समोर करडा धूर दिसत होता, घशाला लागत होता, आणि वासाच्या जागी भिंत होती. ते विचारत होते, “कसा आंबट? ताकाचा की चिंचेचा?” मी म्हणालो, चिंचेचा. “गोड आला?” येतोय, म्हणालो, गुऱ्हाळासारखा, काहील उतरवतात तेव्हाचा. त्यांचा चेहरा इतका शांत होता की मी आणखी बोललो, गुळाची साय, उसाची चिपाडं, जे आठवेल ते. दोन माणसं धुरात उभी होती, दोघांनाही कशाचा वास येत नव्हता, आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक आहे असं मी समजत होतो. मला सुरुवातीपासूनच ‘काही नाही’ येत होतं. त्यातलं खरं ‘काही नाही’ कुठलं, ते मला कुठून कळणार? मी मनात अंदाजानं आकडे मोजले आणि म्हणालो, “आता.”

भावजींनी लगेच बंद केलं नाही. डोळे उघडून धुराकडे पाहत उभे राहिले. माझ्या मते मिनिटभर तरी. मला वाटलं, थंडीनं हात आखडले. मग त्यांनी बर्नर बंद केला आणि भोक लिंपलं. मी मदतीला पुढे झालो तेव्हा त्यांनी लांबूनच हात केला. म्हणाले, तू नीघ, मी भट्टीपाशी थांबतो. जाताना मी मागे वळून पाहिलं. ते खोपट्याच्या पायरीवर बसले होते आणि माझ्या सायकलकडे बघत होते.

सोमवारी मी चाचणी केली, मंगळवारी निकाल आला. भावजींना मेसेज केला की आजच कळलं. त्यात ‘आजच’ हा शब्द मी मुद्दाम घातला. त्यांचं उत्तर आलं, काळजी घे, वाटी आली आहे. खाली फोटो होता: अर्धी काळी, अर्धी पुसलेली, आणि पुसलेल्या भागात पानं पेटलेली. इतकी चांगली त्यांच्या हातून आधी आली नव्हती. पुढे दहा-बारा दिवस मी खोलीत कोंडून होतो. ताईंचा रोज फोन यायचा. त्या म्हणायच्या, हा अजून बागेतच आहे, भट्टीचं काहीतरी चाललंय, ऐकत नाही. मी ते ऐकलं आणि पुढे काही विचारलं नाही.

जूनमध्ये संग्रहालय उघडलं. वाटी मांडली, खाली पट्टी लागली. पण तेव्हा कशालाच हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून हातात देण्यासाठी केलेली वाटी काचेच्या आत ठेवली गेली. ताईंनी फोटो पाठवला. भावजी काचेशेजारी उभे आहेत, मास्क लावलेला, एक बोट पट्टीवर. मी कार्यक्रमाला गेलो नाही. परीक्षा आहे म्हणालो. परीक्षा आदल्या आठवड्यातच संपली होती.

त्यांना शेवटचं भेटलो ते ऑगस्टमध्ये, मी नोकरीसाठी टिलबर्गला निघालो तेव्हा. ते स्टेशनवर आले. सायकल लावून फलाटापर्यंत चालत येताना त्यांना दोनदा थांबून खोकावं लागलं. म्हणाले, इथली हवा. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लहान वाटी काढून दिली. त्याच रविवारच्या भट्टीतली दुसरी वाटी, न पुसलेली, काळीच. “ही तू पुसायची,” ते म्हणाले. “घाई नाही.” मी त्यांना तेव्हा सांगणार होतो. गाडी आली.

ती वाटी मी पुसली नाही. खाली पानं असतील तर ती मी सांगितलेल्या खोट्यातून आलेली, आणि नसतील तर तेही माझंच. खिडकीत ठेवली आहे. माझं नाक हळूहळू परत आलं, पण पुरतं नीट नाही. अधूनमधून, काहीही जळत नसताना, ऑफिसात, गाडीत, कधी दात घासताना, मला ओल्या वाळुंजीच्या धुराचा वास येतो. आधी गोणपाट, मग आंबट, मग गोड. डॉक्टर म्हणाले, असं होतं, त्या आजारानंतर बऱ्याच जणांना होतं. मी रोज सकाळी लोणच्याची बरणी उघडून हुंगतो आणि मगच घराबाहेर पडतो.

पुढे ताईंच्या आई सुखरूप परत गेल्या, आणि वर्षभरानं ताई आणि भावजीही पुण्याला गेले. दिवाळीला मेसेज यायचे. गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला, म्हणून हे लिहितोय.

भावजी गेले. छातीचं दुखणं होतं, वर्ष-दोन वर्षं वाढत गेलं. मी विचारायच्या आधीच ताई म्हणाल्या की ते आधीच्या आजाराचं होतं की त्या दहा रात्रींचं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी विचारलं, कुठल्या दहा रात्री?  ताई म्हणाल्या की त्या रविवारी मसालेभात खाली लागला होता. सगळ्या घरात जळका वास होता. सायंटिस्टची माफी माग, असं त्यांनी भावजींना डबा देतानाच बजावलं होतं. मी वासाचं कौतुक केलं तेव्हाच भावजींना कळलं होतं की मला वास येत नाही. भट्टी बंद केल्यावर ते घरी आले नाहीत. आई घरात, म्हणून त्या खोपट्यात, मार्चच्या थंडीत, दहा दिवस राहिले. ताईंनाही हे त्यांनी पुण्याला गेल्यावर सांगितलं, आणि मला कळू द्यायचं नाही असं बजावलं.

मी म्हणालो, ताई, मला ठाऊक होतं. शनिवारपासून ठाऊक होतं.

“त्यालाही ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “त्याबद्दल तो कधी बोलला नाही. एकच विचारायचा, अगदी शेवटच्या आठवड्यातसुद्धा. सायंटिस्टनं ती वाटी पुसली का?” मग त्यांनीच हळू विचारलं, “पुसलीस का रे?”